लांब धनुष्याचा धडा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रण आल्यावर काय बोलावे या विवंचनेत मी मंडळाच्या जुन्या स्मरणिका चाळीत बसलो. त्यांत कुळांच्या हकिकती आहेत, कुलदैवतांची माहिती आहे, पूर्वजांच्या कर्तबगारीची वर्णने आहेत. या विषयांवर अधिकाराने बोलणारे जाणते लोक समोर बसले असता मी त्यात हात घालावा हे उचित नव्हे. मी पडलो यंत्रशाळेत आयुष्य घालविलेला मनुष्य. परंतु नोकरीनिमित्त काही वर्षे इंग्लंडात राहण्याचा योग आला आणि तेथे मला एक छंद जडला. तो छंद म्हणजे त्या देशाचे मध्ययुगीन लांब धनुष्य चालविण्याचा. या छंदाने माझा एक खांदा दुखावला आणि एक समजूत मोडली. खांदा पुढे बरा झाला. समजूत मात्र मोडली ती कायमचीच. तिच्याविषयी आज आपणांपुढे बोलणार आहे.

प्रथम हे धनुष्य म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे देवादिकांच्या चित्रांत जे दुहेरी बाकाचे धनुष्य दिसते, तसे हे नव्हे. ही एक सरळ काठीच असते, साधारणतः पुरुषभर किंवा त्याहूनही उंच. मध्यभागी जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली, आणि आडवी कापून पाहिली तर एका बाजूस चपटी व दुसऱ्या बाजूस गोलसर. ती बहुधा यू नावाच्या सदाहरित वृक्षाच्या लाकडाची करीत. या वृक्षाचा भाऊबंद आपल्या हिमालयात वाढतो. गढवालकडे त्याला थुनेर म्हणतात. या लाकडाची निसर्गानेच केलेली रचना पाहून यंत्रशास्त्राच्या माणसाने हात जोडावेत. सालीलगतचे फिकट लाकूड ताण सहन करते आणि आतले तांबूस लाकूड दाब सहन करते. म्हणून कारागीर काठी अशी काढतो की फिकट थर लक्ष्याकडील बाजूस यावा आणि तांबूस भाग धनुर्धराकडे. लक्ष्याकडील बाजू ही धनुष्याची पाठ, आपल्याकडील बाजू हे त्याचे पोट. धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. ज्या कामाला मोठमोठ्या राजांचे कारागीर लाकूड, शिंग आणि स्नायू एकत्र चिकटवून महिनोन्‌महिने खपत, ते काम या वृक्षाच्या एकाच फांदीत आयते होऊन बसलेले असते.

दोन्ही टोकांना शिंगाच्या खाचदार टोप्या बसवितात आणि त्यांत तागाची किंवा जवसाच्या धाग्याची प्रत्यंचा अडकवितात. प्रत्यंचा किती ताठ असावी याचे माप धनुर्धर आपल्या हातानेच घेतो. धनुष्याच्या मध्यावर मूठ ठेवून अंगठा उभा केला की त्याचे टोक प्रत्यंचेला लागले पाहिजे. बाण सुमारे तीस इंचांचा, त्याच्या शेपटाला हंसकुळातील पाळीव पक्ष्याची, म्हणजे गूजची, तीन पिसे. या पिसांचे महत्त्व केवढे, तर राजा पाचव्या हेन्रीने १४१७ मध्ये प्रत्येक गूजची सहा सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम सोडला होता. आणि त्याच सुमारास खडावांसारखी लाकडी पादत्राणे करणाऱ्यांना अॅस्पेनचे लाकूड वापरण्याची बंदी झाली होती, कारण ते बाणांच्या काड्यांना हवे होते.

आता हे धनुष्य चालवावे कसे? रॉजर अॅस्कम नावाच्या विद्वानाने १५४५ साली 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ लिहून आठव्या हेन्री राजास अर्पण केला. हाच अॅस्कम पुढे एलिझाबेथ राणीचा गुरू म्हणून प्रसिद्धी पावला. त्याने शरसंधानाची पाच अंगे सांगितली आहेत: उभे राहणे, बाण जोडणे, ओढणे, धरणे आणि सोडणे. मला ज्या वृद्ध गृहस्थांनी हे शिकविले ते व्यवसायाने सुतार होते. अॅस्कमचा ग्रंथ त्यांनी वाचला होता की नाही कोण जाणे. परंतु त्यांचा क्रम हाच होता.

उभे राहायचे ते लक्ष्याकडे डावा खांदा करून, दोन्ही पायांवर सारखा भार घालून. बाण जोडायचा तो पिसांपैकी वेगळ्या रंगाचे पीस धनुष्याच्या विरुद्ध दिशेला ठेवून. बाणाला टेकायला धनुष्यावर कसलाही आधार नसतो. तो डाव्या मुठीच्या वर, बोटाच्या पेरावरच टेकतो. नेम धरण्यास कसलेही साधन नसते. प्रत्यंचा उजव्या हाताच्या तीन बोटांनी धरायची: तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट व अनामिका बाणाखाली. अंगठ्याला या पद्धतीत काहीच काम नाही.

हे ऐकताच माझे हात थांबले. वृद्ध गृहस्थांनी काय झाले म्हणून विचारले, तेव्हा मी त्यांना एकलव्याची कथा सांगितली. आपल्याकडे, तसेच तुर्क आणि मोंगल लोकांत, अंगठ्याने प्रत्यंचा ओढण्याची पद्धत होती; त्यासाठी अंगठ्यात घालावयाची कडी आजही वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, परंतु पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारत सांगते. वृद्ध गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्याकडे तर राजाने पोरांना हुकूम करून शिकविले." त्यांच्या या एका वाक्याचा विचार मी पुढे अनेक वर्षे करीत राहिलो. त्याकडे मी शेवटी येईन.

तिसरे अंग ओढण्याचे. येथेच माझी फजिती झाली. त्यांनी प्रथम माझ्या हाती अठ्ठावीस पौंडांचे धनुष्य दिले. अठ्ठावीस पौंड म्हणजे पुरते ओढून धरले असता बोटांवर पडणारा भार. ते धनुष्य शाळकरी मुलांचे होते आणि शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तसल्याच धनुष्याने माझ्याहून सरस बाण मारीत होती. लहानपणी तालमीत चार जोर-बैठका काढल्याचा अभिमान मला होता. मी मनातून खट्टू झालो. दोन महिन्यांतच कोणास न सांगता मी एक सत्तर पौंडांचे जुने धनुष्य विकत घेतले आणि एका रविवारी सकाळी एकटाच मैदानावर जाऊन ते दंडाच्या जोरावर ओढू लागलो. पहिले काही बाण गेले. मग खांद्यात काहीतरी सरकल्यासारखे झाले. त्यानंतर सहा महिने फळीवरचा डबा काढण्यासाठी मला उजवा हात वर नेता येत नव्हता. दोष ना धनुष्याचा होता, ना गुरूचा. तो सर्वस्वी माझ्या अहंकाराचा होता.

बरा होऊन लाजत परत गेलो तेव्हा त्यांनी एक शब्दही न बोलता तेच अठ्ठावीस पौंडांचे धनुष्य पुन्हा माझ्या हाती ठेवले आणि ओढणे कशाला म्हणतात ते शिकविले. हाताने दोरी मागे खेचायची नसते. धनुष्य आणि दोरी यांच्या मधोमध आपले शरीर घुसवायचे असते. पाठीचे स्नायू आकुंचित करीत छाती उघडायची आणि डावा हात पुढे रोवायचा. युद्धाचे धनुष्य कानापर्यंत ओढीत. आपल्या भाषेत 'आकर्ण' हा शब्द पुराणातील वर्णनापुरता उरला आहे. त्या मैदानावर मला त्याचा अर्थ खांद्यात व पाठीत कळला. चौथे अंग धरण्याचे. ते क्षणभरच, कारण पूर्ण ओढलेले धनुष्य नऊ-दशांश मोडलेलेच असते, असे तेथील धनुर्धर म्हणतात. आणि पाचवे सोडणे. बाण आपण सोडायचा नसतो. बोटे सैल होताच तो सुटतो. हात मुद्दाम उघडला की नेम चुकलाच. बाण नसता रिकामी प्रत्यंचा मात्र कधीही सोडू नये. बाणाकडे जायची ती सारी शक्ती धनुष्यातच उलटते आणि काठी फुटू शकते.

सुटलेला बाण सरळ जातो असे आपणांस वाटते, तसे नाही. प्रत्यंचेचा धक्का बसताच तो वाकतो, मासोळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून पुढे जातो आणि मग सरळ होतो. विसाव्या शतकात अतिजलद छायाचित्रणाने हे डोळ्यांना दिसले. म्हणून बाणाचा ताठरपणा धनुष्याच्या जोराला जुळलेला असावा लागतो. फार ताठ बाण एका बाजूस जातो, फार लवचीक दुसऱ्या बाजूस. जुन्या कारागिरांना हे गणित माहीत नव्हते, परंतु बोटांना माहीत होते.

आता इतिहासाकडे वळू. या धनुष्याने युरोपात मोठी उलथापालथ केली. १३४६ साली क्रेसी येथे, १३५६ साली प्वातिये येथे आणि १४१५ साली आझँकूर येथे इंग्लंडच्या लहान सैन्यांनी फ्रान्सच्या मोठ्या सैन्यांचा पराभव केला. आझँकूरच्या सैन्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक धनुर्धर होते. हे लोक सरदारपुत्र नव्हते. ते शेतकरी, लहान जमीनधारक आणि कारागीर असे सामान्य जन होते. चौदाव्या शतकात घोड्यावरून प्रवास करणाऱ्या धनुर्धरास दिवसाला सहा पेन्स मिळत. ही कुशल कारागिराच्या तोडीची मजुरी झाली.

मात्र या गोष्टी सांगताना अतिशयोक्ती होते, ती टाळली पाहिजे. बाण चिलखताच्या आरपार सर्रास जात असे म्हणतात. अलीकडे जड धनुष्यांनी आणि जुन्या पद्धतीच्या चिलखतांवर जे प्रयोग झाले, त्यांत चांगल्या पोलादाच्या छातीवरील पत्र्याने बाण अडविल्याचे दिसले. आझँकूरचा विजय एकट्या बाणांचा नव्हता. पावसाने झालेला चिखल, दोन रानांमधली अरुंद जागा, जमिनीत रोवलेले अणकुचीदार खुंट, दाटीवाटीत सापडलेले शत्रू, आणि बाण मारून झाल्यावर कुऱ्हाडी व मोगऱ्या घेऊन तुटून पडलेले तेच धनुर्धर, या साऱ्यांचा तो परिणाम होता. फ्रेंच लोक कैद केलेल्या धनुर्धरांची दोन बोटे तोडीत आणि त्यावरून दोन बोटे दाखविण्याची चाल पडली, ही कथाही लोकप्रिय आहे. तिला त्या काळचा पुरावा नाही. चर्चच्या आवारातील यू वृक्षांपासून सारी धनुष्ये होत, हेही खरे नव्हे. उत्तम काठ्या स्पेन, इटली व आल्प्सकडून येत. इतक्या की १४७२ च्या कायद्याने इंग्लंडात येणाऱ्या व्यापाऱ्यांवर मालाच्या दर टनामागे चार काठ्या आणण्याचे बंधन घातले होते. पूर्वजांच्या गौरवाला खोट्या दागिन्यांची गरज नसते, हे सर्वच समाजांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

बाणाचे दुसरे रूपही सांगितले पाहिजे. १४०३ साली श्रूझबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्र हेन्रीच्या चेहऱ्यात बाण घुसला. काडी निघाली, परंतु लोखंडी अग्र सुमारे सहा इंच आत रुतून राहिले. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शस्त्रवैद्याने त्यासाठी खास चिमटा घडवून घेतला, मधात भिजविलेल्या वातींनी जखम हळूहळू रुंद केली आणि ते अग्र बाहेर काढले. बाणाची वेदना स्वतःच्या हाडापर्यंत भोगलेल्या त्याच राजपुत्राने, राजा झाल्यावर, बारा वर्षांनी आझँकूर जिंकले.

परंतु मला युद्धांपेक्षा त्यांच्या मागची तयारी अधिक महत्त्वाची वाटते. १३६३ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने आज्ञा काढली की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी चेंडूचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी सोडून धनुष्याचा अभ्यास करावा. आठव्या हेन्रीच्या कायद्यांनी सात ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी घरात धनुष्य व दोन बाण ठेवण्याची जबाबदारी वडिलांवर टाकली. आणि चोवीस वर्षांवरील पुरुषाने सरावासाठी दोनशेवीस यार्डांहून, म्हणजे सुमारे दोनशे मीटरांहून, कमी अंतर घेऊ नये असे ठरविले. ह्यू लॅटिमर हा धर्मोपदेशक एका शेतकऱ्याचा मुलगा. १५४९ मध्ये राजासमोर प्रवचन करताना त्याने आपल्या बालपणाची आठवण सांगितली आहे. वडिलांनी त्याला दंडाच्या जोराने नव्हे तर सर्व शरीराने धनुष्य ओढावयास शिकविले. आणि त्याचे वय व बळ वाढेल तसतशी त्याला अधिकाधिक जोराची धनुष्ये आणून दिली. हे वाचले तेव्हा मला माझ्या खांद्याची आठवण झाली. जे त्या शेतकऱ्याला पाचशे वर्षांपूर्वी ठाऊक होते, ते मला शिकण्यास सहा महिने अंथरुणाच्या कडेवर बसावे लागले.

या अभ्यासाचा पुरावा समुद्राने जपून ठेवला आहे. १९ जुलै १५४५ रोजी आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकांतील मानाचे जहाज पोर्टस्मथजवळ राजाच्या डोळ्यांदेखत बुडाले. अॅस्कमचा ग्रंथही त्याच वर्षीचा, हा एक विलक्षण योग. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या जहाजाचा सांगाडा पाण्याबाहेर काढण्यात आला. त्यात १७२ धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. तोपर्यंत मध्ययुगीन लांब धनुष्यांविषयी बराचसा तर्कच चालत असे. ही धनुष्ये सरासरी दोन मीटरांच्या आसपास लांब भरली. आणि त्यांचा जोर बहुतांशी शंभर ते एकशेऐंशी पौंडांच्या दरम्यान असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शंभर पौंड म्हणजे पंचेचाळीस किलो. ज्वारीच्या जवळजवळ भरल्या पोत्याचे ओझे तीन बोटांवर पेलायचे, तेही एकदा नव्हे, बाणामागून बाण. एका जुडीत चोवीस बाण असत.

जहाजावरील माणसांच्या अस्थीही मिळाल्या. खांद्याच्या टोकाशी एक लहान हाड असते. ते तारुण्यात मुख्य हाडाशी सांधले जाते. या खलाशी-सैनिकांपैकी बऱ्याच जणांत ते सांधले गेलेले नव्हते. कोवळ्या वयापासून जड धनुष्ये ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अस्थितज्ज्ञांचे अनुमान आहे. पोर्टस्मथच्या संग्रहालयात, काचेपलीकडच्या त्या धनुष्यांसमोर मी बराच वेळ उभा होतो. त्या मनुष्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांचा अभ्यास मात्र त्यांच्या हाडांत लिहिलेला आहे.

येथेच माझी ती समजूत मोडली. लहानपणापासून मी ऐकत आलो की अमुक गुण आपल्या रक्तात आहे, तमुक विद्या आपल्या कुळात आहे. त्या धनुर्धरांच्या हाडांत विद्या खरोखरीच उतरली होती; यापेक्षा खोल ती जाणार तरी कोठे? तरीही त्यांच्या मुलांच्या हाडांत ती आपोआप आली नाही. प्रत्येक मुलाला सातव्या वर्षी पुन्हा हलके धनुष्य हाती घ्यावे लागे आणि पुन्हा पहिल्या बाणापासून प्रारंभ करावा लागे. बापाने मुलाला दिलेला वारसा कोणता? एक धनुष्य, दोन बाण, आणि रविवारची सकाळ.

हे न झाले तर काय होते, तेही त्याच इतिहासात आहे. एका पाठोपाठ एक कायदे निघाले याचा अर्थच असा की लोक अभ्यास टाळू लागले होते. अॅस्कमने ग्रंथ लिहिला तो ही कला मागे पडत आहे या चिंतेनेच. बंदूक आली. आरंभीच्या बंदुका मंद होत्या आणि पावसात निकामी होत. परंतु बंदुकधारी काही आठवड्यांत तयार होई, धनुर्धरास बालपण द्यावे लागे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या दोन शस्त्रांच्या गुणावगुणांवर इंग्लंडात मोठा वाद झाला. १५९५ मध्ये नागरी पलटणींतून धनुष्य काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि अडीचशे वर्षांची ती परंपरा राज्याच्या दृष्टीने संपली. राजाला धनुर्धर हवे होते तोवर हुकूम होता. गरज संपली, हुकूम संपला. ती टिकली ती केवळ हौसेखातर अभ्यास करणाऱ्यांच्या हातांत. यॉर्कशायरमधील स्कॉर्टन गावी १६७३ साली सुरू झालेली चांदीच्या बाणाची स्पर्धा प्रसिद्ध आहे. शंभर यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यावरील काळ्या ठिपक्याचा वेध जो प्रथम घेईल, तो तिचा कप्तान होतो. आणि बक्षीस काय? पुढील वर्षीची स्पर्धा त्यानेच भरवायची. मान मिळाला की भार आलाच. ही प्रथा मला फार आवडली. आपल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही ती पटेल.

आता त्या वृद्ध सुताराच्या वाक्याकडे येतो. एका कथेत शिकू इच्छिणाऱ्या मुलाचा अंगठा मागितला गेला. दुसऱ्या इतिहासात शेतकऱ्याच्या पोराला शिकलेच पाहिजे असा हुकूम झाला. तो हुकूम औदार्याचा नव्हता, हे मी विसरत नाही. राजाला स्वस्तात सैनिक हवे होते आणि त्या हुकुमात मुलींना स्थान नव्हते. परंतु परिणाम पाहा. ज्या देशाने विद्येची कवाडे सामान्यांना उघडली, त्याला गरजेच्या वेळी हजारो कुशल हात मिळाले. ज्या समाजाने अंगठा मागितला, त्याने आपलाच एक उत्तम धनुर्धर गमावला. आपण एका ज्ञातीचे मंडळ म्हणून येथे जमलो आहो. तेव्हा हा प्रश्न आपण स्वतःस विचारणे मला आवश्यक वाटते. आपण एकमेकांना धरून आहो ते पुढील पिढीला काही देण्यासाठी, की केवळ आपण कोण होतो हे सांगण्यासाठी?

भगिनी-बंधूंनो, उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे ज्ञातिगृहाच्या मागील मोकळी जागा वाहनतळासाठी फरसबंद करण्याचा ठराव आहे. त्यामागील कारण मला ठाऊक आहे. कार्यालयाच्या भाड्यातून आपल्या शिष्यवृत्त्या चालतात आणि वाहनांची सोय नसेल तर लग्नाची मंडळी दुसरीकडे जातात. ज्यांनी हा ठराव मांडला त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझी विनंती एवढीच की निम्मी जागा तरी मातीची राहू द्यावी, आणि दर रविवारी सकाळचे दोन तास ती मुलामुलींच्या अभ्यासासाठी राखावी. तेथे धनुष्यच शिकवावे असा माझा आग्रह नाही. मल्लखांब असो, लेझीम असो, कुस्ती असो. शिकविणारा जाणता असावा आणि पहिल्या दिवशी मुलाच्या हाती त्याला पेलेल तेच साधन द्यावे, म्हणजे झाले. आणि दुसरी विनंती अशी की त्या मातीवर येणाऱ्या मुलाला त्याची ज्ञात विचारू नये. शेजारच्या चाळीतली मुले आजही कुंपणावरून आत पाहत असतात. कुंपणाचे फाटक उघडण्यास पैसे लागत नाहीत.

हे अशक्यप्राय आहे असे कोणी म्हणू नये. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी धनुर्विद्येत जगज्जेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे याने पुरुषांत तेच यश मिळविले. त्यांची धनुष्ये चाकांची, आधुनिक. मी वर्णिलेल्या काठीशी त्यांचे नाते दूरचे. परंतु उभे राहणे, बाण जोडणे, ओढणे, धरणे आणि सोडणे ही पाच अंगे तीच. महाराष्ट्राच्या मातीत नेम धरणारे डोळे आहेत. त्यांना हवे असते ते मैदान, हवा असतो गुरू, आणि हवी असतात पुष्कळ वर्षे.

मी आता वयाने शरसंधानाच्या पलीकडे चाललो आहे. माझे धनुष्य घरी दोन खुंट्यांवर आडवे ठेवलेले आहे. उभे टेकवून ठेवले की ते कालांतराने वाकते. प्रत्यंचा उतरवलेली आहे, कारण सदैव ताणलेले धनुष्य आपला जोर गमावते. शेजारीच तसले एक अठ्ठावीस पौंडांचे धनुष्यही मी आणून ठेवले आहे. सभेने अनुमती दिली तर येत्या रविवारी सकाळी ते मी आपल्या ज्ञातिगृहाच्या मागे घेऊन येईन, लक्ष्याच्या मागे गवताच्या पेंढ्यांची भिंत रचीन आणि कोणी लहान मूल पुढे येते का याची वाट पाहीन. ते मूल कोणाचे, हे मी विचारणार नाही.